आधी तुम्ही दाखवा

११ फेब्रुवारी १९७९

अर्कादी,

सवयीनं आधी 'प्रिय' लिहिलं होतं. तो कागद फाडला आणि हा दुसरा घेतला.

आज सकाळी दारिमाला गाडीत बसवून आले. दारिमा ओचिरोवा, नववीची. नाव ओळखीचं वाटतंय का? वाटायलाच हवं, तिला घरी पाठवायच्या हुकमावर तुझी सही आहे. वसतिगृहाच्या क्लावा मावशींनी तिच्या पिशवीत उकडलेली अंडी आणि काळा पाव कोंबला आणि दाराआड जाऊन डोळे पुसत बसल्या. पोरगी रडली नाही. डब्याच्या दारात उभी राहून मला म्हणते, "बाई, तुम्ही जा आता, गारठ्यात उभ्या राहू नका, तुम्हाला खोकला आहे." पंधरा वर्षांची पोर, शाळेनं हाकलून दिलेली, आणि काळजी कुणाची करतेय तर माझ्या खोकल्याची. बैकालच्या पलीकडे तिचं गाव, दोन दिवसांचा प्रवास, पुढे बापाची घोड्यांची घसरगाडी. तिथल्या शाळेत गणित शिकवणारा माणूसच कवायतही शिकवतो. तिथे जाऊन ती काय करणार, सांग ना!

कारण काय, तर रशियन निबंधात पाचपैकी दोन गुण. अरे, घरी बुर्यात बोलणारी मुलगी, सहा महिन्यांत रशियन निबंधात पाच कुठून आणणार? रशियन शिकवणारी नेल्ली फ्योदोरोव्ना स्वतः सभेत म्हणाली की मी तिची उजळणी घेते, वसंतात पुन्हा परीक्षा घेऊ. दरवर्षी घेतोच आपण. नोवोकुझ्नेत्स्कच्या दोन दांडगटांनाही निबंधात दोनच आहेत. दोघंही आज दुपारी माझ्यासमोर बसून लापशी ओरपत होते. त्यांच्या नावापुढे तू लिहिलंस 'संधी द्यावी'. दारिमाच्या नावापुढे काय, तर 'सर्वसाधारण तयारी अपुरी, शिवाय वर्तन उद्धट'.

उद्धट! ती पोर पाणी मागतानासुद्धा दोनदा विचार करते.

तुला कसली चीड आलीय ते मला ठाऊक आहे, आणि सगळ्या शाळेला ठाऊक आहे. डिसेंबरची लढत. तू हे सगळं सोयीस्कर विसरतोस, म्हणून पुन्हा लिहिते. शिक्षकांचा संघ एकीकडे, मुलांचा एकीकडे. एकानं गणित पुढे करायचं, "हे सोडवा." समोरच्यानं फळ्याशी यायचं, नाहीतर म्हणायचं, "आधी तुम्ही दाखवा." मग ज्यानं आव्हान दिलं त्यालाच सोडवून दाखवावं लागतं, आणि नाही जमलं तर त्याचे गुण गेले. हा नियम आपल्या शाळेत आणला कुणी? तू! सोळा वर्षांपूर्वी, ती लाकडी बराक होती तेव्हा, टेबलावर उभा राहून मुलांना ओरडून सांगितलास. "माझ्यावरही वापरा रे, घाबरू नका," असंही म्हणाला होतास. मी तिथेच होते.

तर तू मॉस्कोहून पाहुणा म्हणून आलास, शिक्षकांच्या बाजूनं उभा राहिलास आणि ऐटीत आव्हान टाकलंस. कागदावरच्या कुठल्याही बहुकोनाचे त्रिकोण पाडता येतात, तसे सपाट पृष्ठांच्या कुठल्याही भरीव आकृतीचे, एकही नवा कोपरा न आणता, दुधाच्या तिकोनी पाकिटासारखे चार-चार कोपऱ्यांचे तुकडे पाडता येतात, हे सिद्ध करा. तुझ्या नव्या पुस्तकातलंच, छपाईला गेलेल्या. मुलांच्या संघाची कप्तान दारिमा. ती उठली, थोडी वाकली आणि हळूच म्हणाली, "सर, आधी तुम्ही दाखवा."

तू हसत हसत फळ्याशी गेलास. मध्येच तिनं एकदा विचारलं, "बाजू आत दबलेल्या असल्या तरीही का, सर?" तू मागे वळूनसुद्धा न बघता म्हणालास, "तरीही." मग अडलास. पुसलंस, लिहिलंस, पुन्हा अडलास. शेवटी खडू ठेवून म्हणालास की बाकी सगळा तपशील आहे, वेळ संपला. पोरांनी बाकं बडवली. बडवणारच! मॉस्कोच्या प्राध्यापकाचे गुण गेले, अशी मजा त्यांना पुन्हा कधी मिळणार?

तू हसून सोडून द्यायचं होतंस. पूर्वीचा अर्कादी हसला असता. तू मला सोडून मॉस्कोला गेलास तेव्हासुद्धा मी असं पत्र लिहिलं नव्हतं, कारण ते नुकसान माझं होतं आणि ते मी सोसलं. हे मी सोसणार नाही. सही मागे घे.

इराइदा

२७ फेब्रुवारी

अर्कादी,

तुझं पत्र आलं. दोन पानांचं पत्र आणि त्यात दारिमाबद्दल चार ओळी! बाकी सगळं मॉस्कोतलं हवामान, तुझं पित्त आणि मी 'नेहमीसारखी भावनेच्या भरात' कशी वाहवते त्याचं वर्णन. भावना नाही ही, संताप आहे. दोन्हींतला फरक तुला लग्नाच्या अकरा वर्षांत कळला नाही, आता काय कळणार.

म्हणे, "त्या मुलीला स्वतःला उत्तर येत नव्हतं. तिनं फक्त डाव टाकला. गणिताच्या शाळेत जुगाऱ्यांना जागा नाही." वा रे वा! उत्तर येत नसताना आव्हान टाकलंस तू, आणि जुगारी ती! नसेल आलं तिला उत्तर. मलाही नाही आलं, आपल्या गणिताच्या गूसेवलाही नाही. नियमात कुठे लिहिलंय की उत्तर येत असेल तरच 'आधी तुम्ही दाखवा' म्हणायचं? नियम आहेच मुळी त्यासाठी, की कुणीही नुसता रुबाब करून निसटू नये.

आणि ते वाक्य, "इराइदा, तू त्या मुलीत स्वतःला बघतेस." हे तुझं नेहमीचंच. कुणी खरं बोललं की त्याच्या मनात काय चाललंय ते शोधायला लागायचं, म्हणजे बोलण्याला उत्तर द्यायला नको. मी दारिमात दारिमाला बघते. वर्गातली बाकीची मुलं एखादं गणित सोडवतात आणि माझ्याकडे बघतात, शाबासकीसाठी. ही सोडवते आणि मग तेच गणित उलटंसुलटं करत बसते, कुठे मोडतं का ते बघायला. सोळा वर्षांत असं मूल दुसरं बघितलं नाही मी.

मुख्याध्यापक तारासेविचकडे गेले होते. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "इराइदा पाव्लोव्ना, माझ्या हातात काय आहे? देखरेख समितीचे अध्यक्ष ते. त्यांनी एक शब्द लिहिला तर मी आजच्या आज मुलीला बोलावतो." काखा वर केल्या आणि मोकळा झाला. मी जरा मोठ्यानं बोलले. बाहेर मुलं उभी होती, त्यांनी ऐकलं म्हणे.

एक शब्द, अर्कादी. तेवढाच मागतेय.

इराइदा

२२ मार्च

अर्कादी,

उत्तर नाही. ठीक आहे, मला लिहायला तुझ्या उत्तराची गरज नाही.

सध्या माझ्याकडे वेळच वेळ आहे. नववीचे तास गूसेवला दिलेत, 'तात्पुरते'. माझा खोकला बरा होईपर्यंत, असं तारासेविचनं सूचनाफलकावर लावलंय. खोकला फेब्रुवारीतच बरा झाला. पण ते जाऊ दे, त्याबद्दल मला बोलायचं नाही.

दारिमाच्या वडिलांनी धुरावलेल्या माशांचं पार्सल पाठवलंय. सोबत त्यांनी गावच्या शाळेतल्या बाईंकडून लिहून घेतलंय की मुलीनं काही वाईट केलं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही तिला समजावू, पण तिचं गणित बंद करू नका. आता मी त्या माणसाला काय लिहू? की तुमच्या मुलीनं काही केलं नाही, एका मोठ्या माणसाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या? मी मासे वाटून टाकले.

तिला दर आठवड्याला गणितं पाठवते. ती सोडवून पाठवते, मेंढ्यांना कोकरं होण्याचे दिवस आहेत म्हणून उशीर झाला, असं दरवेळी खाली लिहून. तिकडच्या गणिताच्या मास्तरांनी तिला वर्गात मागे बसवलंय, तिच्यामुळे बाकीची मुलं बिचकतात म्हणून! बस मागे आणि वाचत रहा काहीही, असं सांगितलंय. मे महिना संपायच्या आत ती परत आली नाही तर दहावीत जागा नाही. दहावी नाही तर इथलं विद्यापीठ विसरायचं. मग ती दूधकेंद्रावर आईच्या जोडीला. वाईट काम नाही ते, पण त्या मुलीचं ते नाही.

मी समितीच्या सहाही जणांना स्वतंत्र पत्रं लिहिली आहेत. तुला न सांगता नाही, हे सांगूनच.

इराइदा

१७ एप्रिल

माफी?

तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस, आणि समितीचा दबाव आल्यावर तारासेविचला तार पाठवतोस की मुलीनं समितीसमोर उभं राहून उद्धटपणाबद्दल माफी मागावी, मग विचार करू! मी ती तार तीनदा वाचली. टपालखान्यातल्या बाईनंही वाचली असणार, ती माझ्याकडे बघून मान हलवत होती.

माफी कशाची मागायची? तू शिकवलेला नियम पाळला त्याची? आणि तू, पंचावन्न वर्षांचा बाप्या, पंधरा वर्षांच्या पोरीला सात माणसांसमोर उभं करून माफी वदवून घेणार आणि मग रात्री शांत झोपणार? लाज कशी वाटत नाही रे तुला?

मी तारासेविचला सांगितलं की माझा जीव गेला तरी मी तिला हे करायला सांगणार नाही. तो म्हणाला, "तुम्हाला कोण विचारतंय? मी वडिलांना कळवलंय."

इ.

६ मे

अर्कादी,

ती आली. एकटी, दोन दिवस प्रवास करून, हातात तीच पिशवी. उंची वाढलीय. क्लावा मावशींनी तिला गरम पाण्यानं आंघोळ घातली, कोबीचं सूप दिलं आणि माझ्याकडे पाठवलं.

मी तिला चहा दिला. ती दुधाच्या चहात मीठ घालून पिते, मी आता तिच्यासाठी मिठाची वाटी वेगळी ठेवते. आणि मी सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, "दारिमा, तू माफी मागायची नाहीस. तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस. आपण दुसरा मार्ग काढू."

तिनं कप खाली ठेवला. "बाई, पण मी मागणारच होते. मला डिसेंबरपासूनच मागायची होती."

"का? तो मोठा माणूस आहे म्हणून?"

"हो. आणि माझं चुकलं म्हणून."

मला इतका राग आला, काय सांगू! तिच्यावर नाही, तुझ्यावर. एका हुशार पोरीच्या डोक्यात तू हे भरवलंस की ती चुकली. मी म्हटलं, "तू नियमानं वागलीस, बाळा. चुकले ते."

"नियमानं वागले, बाई. पण मोठ्या माणसाशी नीट नाही वागले. बाबाही तेच म्हणाले. कोणत्या शब्दांत मागायची ते फक्त सांगा. माझं रशियन अजून कच्चं आहे."

मी म्हटलं, "शब्द मी देणार नाही. एकही नाही." तशी ती बरं म्हणाली, कप विसळून ठेवला आणि नेल्ली फ्योदोरोव्नाकडे गेली. तिथे दोघी काहीतरी लिहीत बसल्या होत्या. मी खोलीचं दार लावून घेतलं.

शुक्रवारी समिती बसेल. तू येणार आहेस म्हणे. ये. तिच्या तोंडाकडे बघून ऐक ती माफी.

इराइदा

१२ मे

अर्कादी,

तू आला नाहीस. सर्दी झाली म्हणे. तुझी तार तारासेविचनं वाचून दाखवली: माफी इतिवृत्तात नोंदवावी. कमाल आहे! आला असतास तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. समितीचं इतिवृत्त तुझ्यापर्यंत पोचेलच, पण ते तारासेविच लिहिणार आहे, म्हणून माझ्याकडूनच ऐक.

मोठ्या टेबलाभोवती सहा जण. भूमितीवाले म्हातारे झारूबिन कोपऱ्यात डुलक्या घेत होते. मी भिंतीला टेकून बसले होते, मला बोलायची परवानगी नाही अशी सक्त ताकीद होती. दारिमा आत आली. गणवेश क्लावा मावशींनी इस्त्री केलेला, वेण्या घट्ट. मी तिच्याकडे बघत नव्हते. बघवत नव्हतं.

तारासेविच म्हणाला, "हं, बोल."

ती म्हणाली, "सरांची मी माफी मागते. मी त्यांना सगळ्यांसमोर फळ्यावर पाठवलं. मला वाटलं, त्यांनी स्वतः काढायला घेतलं की त्यांना आपोआप दिसेल. आमच्याकडे आजोबा घोड्यावर खोगीर उलटं घालायला लागले, तर 'आजोबा, चुकलात' असं कुणी म्हणत नाही. 'मला दाखवा ना कसं घालायचं' असं म्हणतो. मग ते घालताना त्यांनाच कळतं, आणि ते हसतात. मला वाटलं, सरांनाही कळेल. एकदा विचारलंही, बाजू आत दबलेल्या असल्या तर, म्हणून. पण त्यांना नाही दिसलं, आणि मुलं हसली. असं व्हायला नको होतं. मी नंतर त्यांना एकट्याला गाठून सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. तेवढं माझं चुकलं."

खोलीत कुणाला काही कळेना. तारासेविच म्हणाला, "काय सांगायला हवं होतंस?"

"ते होत नाही म्हणून."

"काय होत नाही?"

ती गोंधळली. तिला वाटलं आपलं रशियन चुकलं. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि माझी शपथ, अर्कादी, मलाही त्या क्षणी काही कळलं नव्हतं. मग तिनं टेबलावरचा एक कोरा कागद मागून घेतला. त्याची तीन भिंतींची नळी केली, वर त्रिकोण, खाली त्रिकोण. दोन्ही टोकं धरली आणि पोत्याचं तोंड पिळतो तशी जराशी पिळली. तिन्ही भिंती तिरप्या घडीवर आत दबल्या.

"याचे तुकडे पडत नाहीत," ती म्हणाली. "सहा कोपरे आहेत. वरचा हा आणि खालचा हा, यांना जोडणारी रेघ बाहेरून जाते. हे दोन, तसेच. हे दोनही. अशा तीन जोड्या. तुकड्याला चार कोपरे लागतात. सहांतले कुठलेही चार घेतले तरी एक जोडी पूर्ण येतेच. मग तो तुकडा आकृतीच्या बाहेर जातो. म्हणून आत एकही बसत नाही."

एवढंच. आमच्या चहाचे कपही अजून भरलेले होते.

झारूबिन जागे झाले होते. उठून आले, तिच्या हातातून तो कागद घेतला, चष्मा कपाळावर चढवून बघितला, पिळला, सोडला, पुन्हा पिळला. म्हणाले, "असंच काहीतरी जुन्या एका जर्मन लेखात वाचल्यासारखं वाटतंय. तिथे वाचलंस का, मुली?"

"नाही, आजोबा. जर्मन येत नाही मला. लढतीच्या वेळी रफ कागद पिळत बसले होते, तेव्हा दिसलं."

कुणी हसलं नाही. तुझं तिसरं प्रकरण संपूर्ण या एका विधानावर उभं आहे, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिला नाही. पुस्तक छापखान्यात आहे हेही माहीत होतं. तारासेविचचा चेहरा कसा झाला होता ते मी लिहीत नाही, मला त्याच्या हाताखाली नोकरी करायची आहे. तो एवढंच म्हणाला, "हे इतिवृत्तात कसं लिहायचं?" झारूबिन म्हणाले, "ती बोलली तसं. शब्दन् शब्द. अध्यक्षांनी माफी नोंदवायला सांगितलीय ना? नोंदव."

मग मतदान झालं. सहाच्या सहा हात वर गेले. तारासेविचचा खांद्यापर्यंतच आला, पण तो मी मोजला. दारिमा दहावीत जाते आहे. नेल्ली जूनमध्ये तिची पुन्हा परीक्षा घेईल. छापखान्याला ताबडतोब तार कर, उशीर करू नकोस. हे मी रागानं सांगत नाहीये.

राग आहे, तो वेगळ्याच गोष्टीचा. सगळा हिवाळा तू तिला उद्धट म्हणत होतास आणि मी तिला शूर म्हणत होते. ती बिचारी तुझी अब्रू झाकत होती, अर्कादी. तिला मेंढ्यांमागे धाडलंस, तरी तिनं घरी, शाळेत, कुणापाशी तोंड उघडलं नाही. मी तिला दर आठवड्याला पत्र लिहीत होते, मलासुद्धा बोलली नाही. का, तर आधी तुझी माफी मागायची राहिली होती.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात तिनं माझी बाही धरली. म्हणाली, "बाई, आत्ताही सगळ्यांसमोरच झालं ना हो? सर होते कुठे, म्हणून मला वाटलं चालेल. त्यांना कळलं तर ते आणखी रागावतील का?"

मी तिला म्हटलं, मला माहीत नाही, त्यांनाच विचारते. ती कालपासून सारखी विचारतेय, पत्र आलं का. मुलींचं वसतिगृह, दुसरा मजला, दारिमा ओचिरोवा. मला लिहू नकोस. तिला लिही.

इराइदा